वहिवाटीचं घर

चष्म्याचं दुकान लेकीच्या हवाली करून मोकळ्या झाल्यावर वहिनींच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. समुद्रापाशी एक घर हवं. कायमचं राहायला नव्हे, त्यासाठी गावातला फ्लॅट होताच. अधूनमधून जायला, दार लावून घ्यायला आणि कोणाशी एक शब्दही न बोलता बसायला.

त्यांना सगळं गावच वहिनी म्हणायचं. सुरुवात नवऱ्याच्या मित्रांनी केली, मग गिऱ्हाइकांनी ते उचललं, आणि पुढे पुढे तर बापाच्या वयाचे म्हातारेसुद्धा "वहिनी, नंबर वाढलाय का बघा जरा" म्हणत आत यायचे. दुकानाच्या दाराला घंटा होती. दार ढकललं की ती किणकिणायची आणि वहिनींना हातातलं टाकून हसऱ्या चेहऱ्यानं उठावं लागायचं. तोंडात घास असला तरी उठायचं. कपाळ ठणकत असलं तरी उठायचं. नवरा गेल्यानंतर दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तर घंटा थांबायचं नावच घेईना, कारण जो तो भेटून जायला येत होता. माणसं चांगली होती, प्रश्न तो नव्हताच. प्रश्न एवढाच होता की वहिनींचा माणसांचा कोटा भरला होता.

आदल्या वर्षी लेक-जावई त्यांना सुट्टीला एका बेटावर घेऊन गेले होते. तिथं मोटारी नव्हत्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या तेवढ्या धक्क्यापासून गावापर्यंत घरंगळत यायच्या. एका दुपारी सगळे झोपलेले असताना वहिनी एकट्याच फिरायला निघाल्या आणि एका गल्लीच्या टोकाला त्यांना कुंपणावर पाटी दिसली: 'घर विकणे आहे'. पाटीचा रंग उडाला होता. कुंपणामागे बसकं, पत्र्याच्या छपराचं घर होतं आणि त्याच्या पाठीमागे, जणू घराच्याच मालकीचा असावा तसा, समुद्र होता. वहिनींनी हे कोणाला सांगितलं नाही. पण वर्षभर ते घर काही डोक्यातून जाईना.

शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन नणंदेचं दार वाजवलं.

नणंदेला त्या 'वन्सं' म्हणायच्या. नवी नवरी होत्या तेव्हा मान म्हणून, नंतर सवय म्हणून, आणि अलीकडे थोडं चिडवायला म्हणून. वन्संनी लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी एका बँकेच्या तळघरात, लॉकरच्या खोलीत काढली होती. आता निवृत्त झाल्या तरी घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायच्या, जिन्यातून परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायच्या. भाजीवाल्याचा काटा असो की डॉक्टरचं निदान, वन्संचा विश्वास कशावरच नव्हता. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलायचं नाही आणि एकमेकींबरोबर अर्धा तासही पटायचं नाही.

"वन्सं, एक घर बघायला येता?"

"कोणाचं?"

"आपलं. म्हणजे, घेतलं तर."

वन्संनी चष्मा कपाळावर चढवला. "दलाल कोण आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न, "मला कशाला नेतेस?"

"खोट काढायला," वहिनी खरं तेच बोलल्या. "तुम्हाला खोट सापडली नाही, तर मी डोळे मिटून घेईन."

यापेक्षा मोठा मान वन्संना कोणी दिला नव्हता. त्या लगेच बॅग भरायला लागल्या.

बोटीवर वहिनींना मळमळायला लागलं. त्या आत बाकावर डोळे मिटून बसल्या. वन्सं मात्र डेकवर ताठ उभ्या राहून लाइफ जॅकेटं मोजत होत्या. माणसांपेक्षा ती कमी भरली, तेव्हा त्यांनी कप्तानाला गाठून जाब विचारला. उरलेली बाकाखाली आहेत असं त्यानं दाखवून दिल्यावरच त्या खाली बसल्या.

धक्क्यावर घरांची दलाली करणारी बाई उभी होती. डोक्यावर छत्रीएवढी टोपी. त्या बेटावर कोणाचंच एका कामात भागत नसावं. हीच बाई बोटीची तिकिटं विकायची, हीच बॅटरीची गाडी चालवायची आणि गाडी चालवता चालवता मागे वळून गप्पा मारायची. वन्संनी दोनदा तिला समोर बघायला सांगितलं.

आधी तिनं एक नवंकोरं घर दाखवलं. चारी भिंती काचेच्या.

"हे घर नाही, मत्स्यालय आहे," वन्सं म्हणाल्या. "आत आपण मासे."

मग दुपारी बाराच्या उन्हात ती त्यांना पाटीच्या घरापाशी घेऊन आली.

वहिनी दारातच थबकल्या. आत गारवा होता. सिमेंटची जमीन वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झाली होती. वर लाकडी तुळया. मधली मोठी खोली, तिच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक निजायची खोली, आणि मागे स्वयंपाकघर. भांडी घासायच्या जागेसमोरच खिडकी होती आणि खिडकीत नुसतं पाणी. स्वयंपाकघराच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की अंगण आणि अंगण संपलं की वाळू. वन्संनी वहिनींचा चेहरा बघितला आणि काय ते ओळखलं. मग त्यांनी पदर खोचला.

त्यांनी सगळे नळ सोडून बघितले. भिंतींवर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. कपाटांत डोकं घालून वास घेतला, खुर्चीवर चढून तुळयांना नख लावून बघितलं. एका खिडकीची बिजागरी कुरकुरत होती आणि उजव्या खोलीचं बाहेरचं दार खिळे मारून बंद केलेलं होतं. बस, एवढंच. पुढच्या दाराला मात्र नुसती कडी होती.

"कुलूप?"

"खाऱ्या हवेत गंजतं हो," दलालबाई म्हणाली.

वन्संनी पर्समधून स्वतःचं पितळी कुलूप काढून दाखवलं. दलालबाईनं त्याचं कौतुक केलं.

मागच्या अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ होता, त्याच्याजवळ लाकडी बाक आणि भिंतीला ओळीनं खुंट्या.

"एवढ्या खुंट्या कशाला?"

"कपडे वाळत घालायला."

"खुंटीवर?" वन्संनी तिच्याकडे रोखून बघितलं. बाई टोपी सारखी करत बसली.

मालक कुठे राहतात, असं विचारल्यावर कळलं की ते फेरीबोटीवरचे जुने कप्तान. गुडघे दुखतात म्हणून वरच्या आळीत लेकीकडे राहायला गेलेत, इथून पाच मिनिटांवर. आणि किंमत अशी की वन्संनी ती पुन्हा विचारून घेतली.

त्यांनी वहिनींना बाजूला ओढलं. "यात गोम आहे."

"कसली?"

"ती कळली तर गोम कसली! असं घर, एवढ्या किमतीला, रंग उडेपर्यंत पाटी लावून पडून राहतं होय?"

संध्याकाळच्या बोटीनं परत जायचं ठरलं होतं. पण दुपारनंतर वारा उठला आणि बाहेरचा समुद्र खवळल्यामुळे बोट सुटणार नाही असं धक्क्यावरून कळलं. दलालबाई म्हणाली, आमच्याकडे चला राहायला. वहिनी म्हणाल्या, कशाला, इथेच राहतो की, गाद्या आहेत. बाईनं नाना कारणं सांगितली. गाद्यांना दमट वास येतो, दिवा अधूनमधून जातो, आणि एकट्या बायका तुम्ही! तिनं जितकी कारणं सांगितली तितक्या वहिनी हट्टाला पेटल्या. शेवटी ती दोन चादरी, पाव आणि उकडलेली अंडी आणून देऊन गेली. जाताना तिचा चेहरा पेपर अवघड गेलेल्या पोरासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी वहिनी मागच्या पायरीवर बसल्या. वाऱ्यामुळे चिटपाखरू बाहेर नव्हतं. समोर पाणी, पाठीशी भिंत. बराच वेळ कोणी काही विचारलं नाही, कोणी काही मागितलं नाही. वहिनींचे खांदे आपोआप खाली आले. ते इतकी वर्षं वर चढवलेले होते हेसुद्धा त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं.

सकाळी त्यांना जाग आली ती माणसांच्या आवाजांनी.

आधी वाटलं, स्वप्नात दुकान उघडलंय. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतात तो काय! पिवळी रबरी टोपी घातलेली एक आजी पोहायच्या वेषात, अंगाभोवती टॉवेल गुंडाळून, अंगणातून चाललेली. तिच्या मागून दोन सुतार, हातात डबे. त्यांच्या मागे एक बाई, तिचं कुत्रं. कुत्र्यामागे ट्रम्पेटची पेटी काखेत मारलेला एक जाडजूड गृहस्थ. आणि या सगळ्यांच्या वाटेत, गाऊनवर शाल पांघरून, हातात पितळी कुलूप घेऊन उभ्या असलेल्या वन्सं.

"अहो! कोण तुम्ही? निघालात कुठे?"

"समुद्रावर," आजी म्हणाली. "आणि तुम्ही कोण?"

"आम्ही घर बघायला आलोय."

"अस्सं! मग बघा की." आजीनं टॉवेल काढून खुंटीवर टांगला आणि वाळूकडे चालू पडली.

बाकीच्यांनीही आपापले टॉवेल टांगले. कोणता कोणाच्या खुंटीवर, हे ठरलेलं दिसत होतं. ट्रम्पेटवाल्यानं थांबून सगळा उलगडा केला. गल्लीच्या दोन्ही अंगांना खडक आहेत, त्यांच्या आडोशानं इथलं पाणी वाऱ्यातही शांत असतं. वाळूवर उतरायला जागा एकच, ती या अंगणातून. कप्तानाच्या आजोबांच्या आधीपासून सगळे इथूनच जातात. "वहिवाट आहे ही. येण्याजाण्याचा हक्क. घर कोणी का घेईना, वाट राहणार. दलालबाईनं नाही सांगितलं? ती नाहीच सांगत. म्हणून तर घर बारा वाजता दाखवते, तेव्हा आम्ही सगळे कामावर असतो."

"आणि तुम्ही हे वाद्य घेऊन..."

"वाजवायला. घरात बायको वाजवू देत नाही."

थोड्या वेळानं वाळूवरून ट्रम्पेटचा पहिला सूर आला. बायकोचं फार काही चुकत नव्हतं.

वहिनी तशाच चपला पायात सरकवून दलालबाईकडे गेल्या. बाईनं एका दमात सगळं कबूल केलं. "सांगितलं की माणसं तडक बोटीकडे पळतात हो. एकानं तर घोटभर चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, आधी घर मनात भरू दे, मग सांगीन." तिच्यावर ओरडावं असं वहिनींना वाटत होतं, पण दुकानातल्या सवयीनं त्या नुसतं 'बरं' म्हणून मोकळ्या झाल्या. त्या तशाच परतल्या. निदान वन्संना तरी आनंद होईल, त्यांचीच गोम खरी ठरली, असा विचार करत त्या मागच्या अंगणात आल्या.

वन्सं बाकावर बसल्या होत्या. मांडीवर स्वयंपाकघरातला ट्रे होता. ट्रेमध्ये तीन चष्मे, दोन घड्याळं, एक अंगठी आणि कानाचं एक यंत्र.

"वन्सं, हे काय?"

"अगं, खडकावर ठेवून पाण्यात जातात ही माणसं! उघड्या खडकावर! सुतार म्हणाला, मागे एकाची अंगठी लाटेनं नेली. मी म्हटलं, द्या इकडे." त्यांनी ट्रे जरा जवळ ओढून घेतला. "हा चष्मा त्या पिवळ्या टोपीचा. काडी वाकलीय बघ."

वहिनींनी काडी बघितली. वाकलेली काडी बघून गप्प बसणं त्यांच्या बोटांना जमणारं नव्हतं. त्यांनी ती चुपचाप सरळ केली, चष्मा ट्रेमध्ये ठेवला आणि आत निघून गेल्या.

बोट त्या दिवशीही सुटली नाही. दुपारी दोघी वाळूवर चालायला गेल्या आणि तिथे त्यांचं जुंपलं.

"झालं ना समाधान? उद्या बोट सुटली की निघू," वहिनी म्हणाल्या.

"का बरं?"

"का म्हणजे? तुम्हीच तर म्हणत होता, गोम आहे!"

"होतीच. सापडली. पण मला ती आवडली, त्याला काय करू?"

वहिनी थांबल्या. "तुम्हाला आवडली? दाराला कुलूप नाही, परसातून गल्लीच्या गल्ली जाते, आणि तुम्हाला आवडलं?"

वन्संनी वाळूत पायानं उगाच एक रेघ ओढली. मग पाण्याकडे बघत बोलायला लागल्या. "वहिनी, लॉकरच्या खोलीला खिडकी नव्हती. लोक यायचे, कुजबुजल्यासारखे बोलायचे. एक किल्ली माझी, एक त्यांची. दोन्ही फिरवल्या की मला म्हणायचे, तुम्ही जरा बाहेर जा. मी जायची. नियमच होता तो, त्यांची चूक नाही. पण सगळी नोकरी मी बाहेर जात राहिले गं. आज सकाळी त्या कुत्रेवाल्या बाईनं माझ्या हातात अंगठी ठेवली, आणि म्हणाली, बसा इथेच, मी आलेच."

वहिनींनाही भरून आलं होतं, पण त्याच वेळी रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस नेमकं चुकीचं बोलतं.

"मग घ्या तुम्हीच! मला नकोय. चाळीस वर्षं माणसंच बघितली मी. प्रत्येकाचं नाक, प्रत्येकाचे कान, प्रत्येकाची सून कशी वागते ते. मला भिंतीला पाठ लावून गप्प बसायचंय. एवढंच मागत होते मी!"

"मला एकटीला झेपणार नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि एकटीला नकोय."

घरी येऊन दोघींनी चहासुद्धा वेगवेगळा केला.

चहा अर्ध्यावर असताना कडी वाजली. जुने कप्तान आले होते, हातात काठी, शेजारी बायको. दलालबाईला राहवलं नव्हतं, तिनंच जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं. कप्तान आपल्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसले. त्यांनी माफी मागितली. पाटीवरच वहिवाट आहे असं लिहायला सांगितलं होतं म्हणे, पण बाई म्हणाली, पाटी लहान आहे.

वहिनींनी सरळच विचारलं, "तुम्हाला या ये-जा करणाऱ्यांचा त्रास नाही झाला?"

कप्तान तोंड उघडणार तोच त्यांची बायको बोलली. "यांना कसला त्रास! हे दिवसभर बोटीवर. मला झाला की. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पडदा लावला. मग पडद्याआड बसून कोण काय बोलतं ते ऐकायला लागले. मग म्हटलं, ऐकायचंच तर पडदा कशाला?" ती हसली. "पण तुम्हाला आवडेल असं मी म्हणणार नाही हं. माझी बहीण इथं राहायला आली आणि दोन दिवसांत पळाली. सगळ्यांना नसतं मानवत. त्यात वाईट काही नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं वहिनींचा जीव हलका झाला. सकाळपासून त्यांना वाटत होतं की आपल्याला माणसं नकोत म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. त्या उठल्या आणि एकट्याच अंगणात गेल्या.

चष्म्याच्या धंद्यात एक गोष्ट अंगात भिनते. फ्रेम बसत नाही म्हणून कोणी गिऱ्हाइकाचं नाक बदलत नाही. फ्रेमच जरा इकडे, जरा तिकडे वाकवायची. वहिनी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडल्या. वाट स्वयंपाकघराच्या पायऱ्यांना घासून जात होती, डाव्या अंगानं. उजव्या अंगाला, खिळे मारलेल्या दाराच्या बाहेर, काटेरी झुडपांचं रान माजलं होतं आणि त्यात कुजक्या फळ्या पडल्या होत्या.

"कप्तान!" त्यांनी हाक मारली. "वाट इकडून का नाही?"

कप्तान काठी टेकत आले. "तिकडे आजोबांची होडी असायची. ती आडवी यायची म्हणून लोक डावीकडून जायचे."

"होडी कुठाय?"

"कुजली. त्या बघा तिच्या फळ्या."

"मग?"

कप्तानांनी डोकं खाजवलं. बायकोकडे बघितलं. "मग काही नाही. होडी गेली, पण वाट काही हलली नाही."

"हलवता येते का?"

"बंद करता येत नाही. हलवायची तर गल्लीला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळापाशीच गल्ली भरली. वहिनींनी आपलं म्हणणं मांडलं. इतक्या माणसांसमोर बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, पण दुकानात एकेकाला पटवलं होतं, तेच इथं एकदम केलं. ट्रम्पेटवाला म्हणाला, तिकडे काटे आहेत. सुतार म्हणाले, काटे कापता येतात. पिवळ्या टोपीची आजी म्हणाली, उतार आहे तिकडे, माझे गुडघे? मग दगडी पायऱ्या घालायचं ठरलं. कुत्रेवाल्या बाईनं विचारलं, नळाचं काय?

"नळ तिकडे येईल," वन्सं म्हणाल्या. "खुंट्या तिकडे येतील. आणि बाक त्या बंद दारापाशी. त्या दाराचे खिळे काढायचे. ती खोली माझी."

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी वन्संकडे बघितलं.

"आणि पाण्याचं बिल गल्लीनं वाटून घ्यायचं," वन्संनी पुढे जोडलं. यावर बराच वेळ गलका झाला, पण शेवटी झालं कबूल.

दुपारी बोट सुटली. या खेपेला वन्संनाच मळमळलं. वहिनी डेकवर उभ्या होत्या, तोंडावर पाण्याचे तुषार घेत.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. वकिलाच्या ऑफिसात वन्संनी कागदाचं पान न् पान वाचलं. वाचायला इतका वेळ लागला की वकिलानं चहा दोनदा मागवला. लेक म्हणाली, "आई, तुला एकटीला राहायचं होतं ना? मग आत्याला भागीदार करून?" जावयानं फक्त एवढंच विचारलं की तिथे गळ टाकून मासे मिळतात का.

घर नावावर झाल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी गल्ली कोयते, करवती घेऊन हजर झाली. सुतारांनी होडीच्या फळ्या उचलल्या, त्यातल्या दोन चांगल्या निघाल्या, त्यांचं वन्संसाठी एक छोटं शेल्फ झालं. ट्रम्पेटवाला कुदळ चालवायला वाघ निघाला. त्यानं एकट्यानं पायऱ्यांसाठी सगळं खणून काढलं आणि दुपारभर कोणाला ट्रम्पेट ऐकावं लागलं नाही. वहिनींनी मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी भाजी शिजवली, हसून बोलून वाढली आणि सगळे गेल्यावर भांडी पालथी घालून मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. पायरीपुढचं अंगण आता मोकळं होतं. जुन्या वाटेचा पट्टा तेवढा दिसत होता, तुडवून तुडवून घट्ट झालेला. तिथे गवत यायला वेळ लागणार होता.

मग त्या दोघी खऱ्याखुऱ्या सुट्टीला आल्या.

सकाळी घराच्या उजव्या अंगाला जाग यायची. दार उघडल्याचा आवाज, नळाचा आवाज, वन्संचा आवाज. "तुमची अंगठी कुठाय? काढा आधी!" डाव्या अंगाला वहिनी खिडकीत कोपर टेकून पाण्याकडे बघत असायच्या. भिंत जाड होती. पलीकडची बोलणी अलीकडे यायची ती शब्द गळून, नुसती गुणगुण होऊन. एकदा वन्संनी पलीकडून हाक मारली, "वहिनी, येतेस का? एकाच्या चष्म्याची काच निखळलीय!"

"नाही!" वहिनींनी आतूनच ओरडून सांगितलं. "दुपारी ठेवून जा म्हणावं!"

"बरं!"

एवढंच. वन्संना राग आला नाही आणि वहिनींना अपराधी वाटलं नाही. वहिनी स्वतःवरच खूश झाल्या.

दुपारच्या जेवणाला वन्सं आत यायच्या आणि ताटावर बसून गल्लीचं सगळं सांगायच्या. आजीची नात पहिल्यांदा पाण्यात उतरली आणि बाहेरच येईना. दोन सुतारांचं आपसात फाटलंय, डबे वेगवेगळ्या खडकांवर बसून खातात. कुत्र्याला पिल्लं होणार आहेत, म्हणजे ते कुत्रं नसून कुत्री आहे हे आता कळतंय. वन्सं सांगायच्या त्यात थोडं तिखटमीठ असायचं, आणि वहिनी घास हातात धरून ऐकायच्या. माणसं अशी, ताटाबरोबर वाढलेली, त्यांना चांगलीच पचायला लागली. कधी कधी तर त्याच विचारायच्या, "मग? सुतारांचं मिटलं का?"

मंगळवारच्या बोटीनं परत जायचं ठरलं होतं. सोमवारी वन्संनी बॅग काढली, मग ठेवून दिली. वहिनींनी लेकीला फोन करून सांगितलं की हवा जरा बिघडल्यासारखी वाटतेय. बाहेर ऊन लख्ख पडलेलं होतं. मंगळवारी दुपारी दोघी मागच्या पायरीवर कपबशा घेऊन बसल्या, आणि समोरून बोट निघाली ती नजरेआड होईपर्यंत बघत राहिल्या.

"हवा खरंच बिघडलीय हं," वन्सं म्हणाल्या.

"फारच," वहिनी म्हणाल्या, आणि बशीतला चहा भुरका मारून संपवला.